अविवाहित, पुढील माहिती नाही

आमच्या घराण्याच्या वंशावळ पुस्तिकेत माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची नोंद आहे, ती अशी: ‘ज. १९४८. शि. जुनी अकरावी. अविवाहित. १९७७ पासून आखातात. पुढील माहिती नाही.’

मी राहते त्या इमारतीच्या गच्चीवरून जबल अली बंदराच्या क्रेन दिसतात. हे बंदर १९७९ साली सुरू झालं. धाकटे आजोबा ज्याच्या बांधकामावर सुतार म्हणून आले असं घरात सांगतात, ते हेच. म्हणजे पुस्तिकेला ज्यांची ‘पुढील माहिती’ मिळाली नाही, त्यांच्या कामाच्या जागेसमोर मी तीन वर्षं राहते आहे. आणि तरीही मला त्यांचा पत्ता लागलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आजोबा भेटतील अशी आशा कुणी धरायला नको.

हा लेख खरं तर पुस्तिकेचं परीक्षण आहे. तिची दुसरी आवृत्ती पुढच्या कुलसंमेलनात निघायची आहे. संपादनाचं काम पाहणाऱ्या काकांनी मला निरोप धाडला: ‘तू तिथेच आहेस, तर धाकट्या काकांची नोंद पूर्ण करून टाक. एका ओळीत बसव.’ त्या एका ओळीपाशी मी अडले, आणि मग अख्खी पुस्तिकाच नव्याने वाचली.

कुलवृत्तांत हा मराठीतला मोठ्या कष्टाचा लेखनप्रकार आहे. तो प्रामुख्याने ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू घराण्यांत वाढला, आणि अलीकडे आमच्यासारखी इतर घराणीही देवळाच्या जीर्णोद्धाराला किंवा संमेलनाला अशा पुस्तिका काढतात. ज्यांच्याकडे छापील पुस्तक नव्हतं त्यांच्याकडे इतर सोयी होत्या. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हेळवी दारात यायचा आणि घराच्या पिढ्या सांगायचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यजमानाच्या हातची नोंद सापडते. आमची पुस्तिका या परंपरेतली, आणि तिच्या कर्त्यांविषयी मला आदर आहे. इंटरनेट नसताना त्यांनी गावोगाव पोस्टकार्डं पाठवली, माहितीपत्रकं भरून घेतली, देवळातल्या वर्गणीच्या याद्या उतरवल्या. सुनांची माहेरची नावं जपली. दत्तक गेलेल्याची नोंद दोन्ही घरांत ठेवली. हे काम नसतं तर माझा शोध सुरूच झाला नसता.

माझा आक्षेप तिच्या एका सवयीवर आहे. प्रत्येक रकान्यात ती एकच उत्तर घेते. माहितीपत्रक प्रत्येक घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने भरलं; त्याने लिहिलं ते छापलं. दुसऱ्या कुणाचं म्हणणं वेगळं असेल तर ते पत्रकात आलंच नाही, किंवा आलं तरी छापताना एक निवडलं गेलं. कुणी निवडलं आणि कशावरून, याची खूण राहिली नाही. वाचणाऱ्याला वाटतं, इथे वादच नव्हता.

वाद होता. तो आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होता.

पहिला कागद शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख १ जून १९५०. ही तारीख पाहून मराठी माणसाला हसू येतं, कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी १ जूनवाला आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला घेऊन आलेल्या आईला किंवा मामाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी नियमात बसेल असा १ जून लावून टाकायचे. हा दिवस मुलाच्या जन्माचा नाही, शाळेत नाव घालण्याच्या सोयीचा आहे.

दुसरा कागद पासपोर्टाच्या पहिल्या पानाची पुसट फोटोस्टॅट प्रत. तिच्यावर जन्मसाल १९४६. घरात सांगतात की भरती करणाऱ्या एजंटाला अनुभवी सुतार हवा होता, म्हणून वय वाढवलं. म्हणजे शाळेत शिरताना धाकटे आजोबा दोन वर्षांनी लहान झाले आणि देश सोडताना दोन वर्षांनी मोठे. पुस्तिकेतलं १९४८ हे कदाचित खरं असेल. कदाचित पत्रक भरणाऱ्या माझ्या आजोबांनी दोन्हींच्या मधलं साल धरलं असेल. विचारायला आता ते नाहीत.

नावाची गोष्ट याहून अवघड. आमचं आडनाव इथे लिहीत नाही; ‘प’ने सुरू होतं एवढं पुरे. अरबी लिपीत ‘प’ नाही आणि ‘ट’ही नाही. परबांचा बरब होतो, पाटलांचा बातील. अरबीतलं नाव पुन्हा इंग्रजीत उतरवलं की मूळ आडनाव ओळखू येत नाही. शिवाय आपल्या नावाची रचना स्वतःचं, वडिलांचं, आडनाव अशी. इकडची प्रथा स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी. मराठी तीन शब्द पाहून कारकुनाने कोणता शब्द कोणत्या जागी ठेवला असेल, त्यावर माणूस यादीत कोणत्या अक्षराखाली सापडेल ते ठरतं. हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टावर एकच नाव असलेल्या भारतीय प्रवाशांना पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर अमिरातीत प्रवेश बंद झाला, तेव्हा कितीतरी घरांत पासपोर्ट काढून आडनावाचा रकाना तपासला गेला.

पत्ता शोधावा तर तोही हाताला लागत नाही. ट्रंकेतल्या पत्रांवर पोस्ट बॉक्सचा क्रमांक आहे. या देशात टपाल घरोघर वाटायची पद्धत नाही, ते पेटीत येतं, आणि कामगाराची पेटी त्याच्या कंपनीची असते. तो क्रमांक म्हणजे आजोबांचं घर नव्हे. कंपनी ज्यांना ओळखत होती त्या सगळ्यांचा तो एकच दरवाजा.

आणि शेवटचा कागद म्हणजे एक रंगीत फोटो. साडीतली एक बाई, तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, मागे समुद्र. पाठीवर धाकट्या आजोबांच्या अक्षरात: ‘बहरीन, १९८३. सौ. व बेबी.’ फोटोत ते स्वतः नाहीत. ते कॅमेऱ्यामागे असतील. किंवा ही त्यांच्या एखाद्या मित्राची सौभाग्यवती आणि मित्राची मुलगी असेल, आपल्याकडे ‘सौ.’ कुणाच्याही बायकोला लिहितात. माझी आत्याआजी ठामपणे म्हणते, ‘लग्न केलं होतं त्याने, पण घरी सांगायची सोय नव्हती.’ का नव्हती, ते मात्र सांगत नाही. माझे आजोबा तितक्याच ठामपणे म्हणायचे, ‘ती सावंतवाडीकडच्या एका मित्राची बायको.’ दोघांनाही आपापल्या म्हणण्याची गरज होती, असं मला आता वाटतं.

पुस्तिकेने यातून ‘अविवाहित’ हा शब्द उचलला. माझं म्हणणं ‘विवाहित’ लिहायला हवं होतं असं नाही. मलाही माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की ट्रंकेत फोटो असताना ‘अविवाहित’ लिहिणं हा निर्णय होता, आणि पुस्तिकेने तो माहिती म्हणून छापला.

प्रत्येक कागद कुणाच्या तरी कामासाठी लिहिलेला असतो. हे आपल्याला कळत नाही असं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगाव जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचता येणाऱ्यांना अचानक मागणी आली, आणि कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची एक ओळ माणसाचं शिक्षण-नोकरीचं भवितव्य ठरवू लागली. कोतवालाने ती ओळ लिहिली तेव्हा त्याच्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं. कागद एका कामासाठी जन्मतो आणि दुसऱ्याच कामाला जुंपला जातो. त्याच्याकडून उत्तर घेण्याआधी तो कुणासाठी लिहिला होता, हे विचारायला हवं.

काहीजण सुचवतात, दप्तरखान्यात शोध. या किनाऱ्याचा जुना कारभार हिंदुस्थानशी बांधलेला होता हे खरं. दुबईतलं पहिलं टपाल कार्यालय १९०९ मध्ये उघडलं ते हिंदुस्थानी टपाल खात्याचं. १९६६ पर्यंत इथला व्यवहार रुपयांत चालत होता. ब्रिटिशांच्या आखाती कारभाराची दप्तरं कतार डिजिटल लायब्ररीवर घरबसल्या वाचता येतात. पण त्यांत शेखांचे तह आहेत, मोत्यांचे वाद आहेत, बोटींचे दावे आहेत. १९७७ साली आलेला सुतार त्यात सापडणार नाही. तो आला तेव्हा ते राज्य उठून गेलेलं होतं.

बोटींच्या याद्यांचंही तसंच. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराचीमार्गे आखाताच्या बंदरांना जायच्या. ‘द्वारका’ ही त्यांतली शेवटची, १९८२ पर्यंत चालली. त्याच ताफ्यातली ‘दारा’ ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली. २३८ माणसं गेली. आदल्या दिवशी वादळ आल्यामुळे बोटीला बंदर सोडून खोल समुद्रात जावं लागलं होतं, आणि सोडायला आलेले नातेवाईक, विक्रेते, इतर कामांसाठी चढलेले लोक खाली उतरू शकले नव्हते. ते प्रवासी नव्हते, पण बोटीवर होते. अशा घरच्या कुणी प्रवाशांच्या यादीत नाव शोधलं असेल तर ते मिळालं नसणार, आणि तरीही माणूस गेला होता. यादीत नाव नसणं आणि माणूस नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ‘दारा’मुळे नीट उमगलं.

आता पुस्तिकेची दुसरी सवय. हा मुद्दा परदेशी राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना थोडा टोचेल. परदेशी गेलेल्यांना ती सारखी जागा देत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडात गेलेल्या माणसाला अर्धं पान आहे: कोणत्या विद्यापीठात शिकला, कुठे घर घेतलं, मुलं काय करतात. आखातात गेलेल्याला दीड ओळ. ‘आखातात नोकरी.’ देशाचं नावसुद्धा नाही. कुवैत, मस्कत, दोहा, दुबई सगळं एकच आखात. आणि गंमत अशी की देवळाच्या जीर्णोद्धाराच्या देणगीदारांच्या यादीत, त्याच पुस्तिकेच्या शेवटी, याच दीड ओळीच्या माणसांची नावं वरच्या बाजूला आहेत.

हे केवळ वर्गाभिमानातून झालं असं मी म्हणणार नाही. कुलवृत्तांताकडे परदेशासाठी एकच क्रियापद आहे: ‘स्थायिक झाले.’ इथे ते लागू पडत नाही. इथे नोकरी आहे तोवर व्हिसा आहे. नागरिकत्व जवळजवळ कुणालाच मिळत नाही. गोल्डन व्हिसा २०१९ नंतरची गोष्ट. तीस वर्षं राहिलेला माणूसही कागदोपत्री तात्पुरताच. तो गेला की खोलीत दुसरा येतो. गाव म्हणतं तो बाहेर आहे, इथलं सरकार म्हणतं तो परत गेला. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माणूस हरवू शकतो.

ज्यांची नोंद बारकाईने ठेवली गेली त्यांचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त हिंदी मजूर कराराने मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरं आहेत: क्रमांक, वडिलांचं नाव, वय, जात, गाव, जहाज, पुढच्या काळात फोटोसुद्धा. आमच्या धाकट्या आजोबांच्या मानाने ही केवढी श्रीमंती! पण तिथेही गावाचं नाव कारकुनाने कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. तिथेही आलेल्या पुरुषाचं पहिलं नाव पुढे अख्ख्या घराचं आडनाव होऊन बसलेलं. मालकाला मजूर हवा होता, म्हणून मजुराची नोंद झाली. मुलगा, भाऊ, नवरा यांची नोंद तिच्यात जेवढी कामापुरती तेवढीच. नोंद भरपूर असली म्हणजे वाद संपतो असं नाही. वाद दिसतो तरी, एवढंच.

माझं रोजचं काम योगायोगाने वंशवृक्षांचंच आहे, फक्त ते जंतूंचे असतात. जनुकांतले फरक पाहून कोणता जंतू कुणापासून फुटला हे आम्ही मांडतो. वेगवेगळी जनुकं वेगवेगळी झाडं सुचवतात, हे आमच्याकडे नेहमीचं. १९८५ मध्ये जोसेफ फेल्सनस्टाईन यांनी एक रीत सुचवली: हातातल्या माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन झाड बांधायचं आणि एखादी फांदी किती वेळा तशीच येते ते मोजायचं. आता फांदीवर तसा आकडा नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. जिथे माहिती निर्णय देत नाही तिथे आम्ही फाटा सोडवत नाही. कंगव्याच्या दातांसारख्या रेघा तशाच ठेवतो. त्या रेघा पाहून पुढच्याला कळतं की काम इथून सुरू करायचं आहे. कुलवृत्तांताने आकडेमोड करावी असं मी म्हणत नाही. पण जंतूंच्या बाबतीत आपण जेवढी सावधगिरी बाळगतो तेवढी चुलत आजोबांच्या बाबतीत बाळगायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती मला काकांनी सांगितली. गावच्या सात-बारावर धाकट्या आजोबांचं नाव अजून आहे. ते कमी करून वारस लावायचे आहेत. सात वर्षं ज्याच्याविषयी जवळच्या माणसांना काहीच कळलं नाही, तो हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते; जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०८ हेच सांगायचं आणि नव्या कायद्यातही तो नियम आहे. मग प्रश्न वारसांचा. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलगी येतात. पहिल्या वर्गात कुणीच नसेल तरच भावा-बहिणींपर्यंत गोष्ट येते. म्हणजे ‘अविवाहित’ हा शब्द खरा असेल तर तो वाटा माझ्या आजोबांच्या आणि म्हणून आमच्या घराकडे येतो. अर्जासोबत जोडायच्या कागदांत वंशावळ असते, आणि काकांनी तिला आधार म्हणून आमची छापील पुस्तिका जोडायचं ठरवलं आहे.

आमच्याच घरातून भरलेला शब्द, आमच्याच पुस्तिकेत छापलेला, आमच्याच अर्जाला पुरावा. यात कुणी खोटं बोललं असं मला म्हणायचं नाही. आजोबांना भावाचं गुपित झाकायचं असेल, किंवा त्यांना खरंच तसं वाटत असेल. पण कडेवरची ती मुलगी त्यांची असेल, तर आज ती पंचेचाळीसच्या आसपास असेल. ती कुठेतरी आपल्या वडिलांचं गाव शोधत असेल, तर तिच्या हाती येणारं एकमेव छापील पुस्तक तिला सांगणार की तू नाहीस.

काकांचं म्हणणंही मांडते, कारण ते चुकीचं नाही. ‘पुस्तिका म्हणजे कोर्ट नव्हे,’ ते म्हणाले. ‘प्रत्येकाच्या शंका छापत बसलो तर पुस्तक कधी निघायचं? आणि त्या बाईचा विचार केलास का? ती खरंच मित्राची बायको असेल तर?’ शेवटचा प्रश्न मला पटला. म्हणून फोटो छापायला मी नको म्हटलं, आणि बाईंचं वर्णनही. पण पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सगळ्या शंका छापायच्या नाहीत. जिथे दोन कागद एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणात कुणाचं तरी असणं-नसणं अडकलं आहे, तिथे दोन्ही छापायचे. आणि कुणी, कधी, कशासाठी लिहिलं ते पुढे द्यायचं. त्याने एका माणसामागे फार तर पाच-सहा ओळी वाढतात. अमेरिकेतल्या माणसाला आपण त्याहून जास्त दिल्या आहेत.

मी पाठवलेली नोंद अशी:

‘जन्म: शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५०; पासपोर्टावर १९४६; पहिल्या आवृत्तीत, भावाच्या माहितीवरून, १९४८. शिक्षण जुनी अकरावी. सुतारकाम. १९७७ मध्ये दुबईस; जबल अली बंदराच्या बांधकामावर होते असे घरात सांगतात, कागद नाही. १९८३ मध्ये बहरीनमध्ये असल्याचे त्यांच्या हस्ताक्षरावरून दिसते. विवाहाविषयी कुटुंबात दोन मते आहेत. पत्नी व कन्या असण्याची शक्यता दाखवणारा एक कागद उपलब्ध. मृत्यूची नोंद मिळालेली नाही. माहिती असल्यास कळवावे.’

वारसाच्या अर्जाबरोबरही ही नवी नोंदच जोडा, असं मी सोबत लिहिलं. माझ्या वडिलांना ते फारसं आवडलं नाही, पण ते नको म्हणाले नाहीत.

दोन दिवस काकांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं: ‘एक ओळ म्हटलं होतं.’ आणि थोड्या वेळाने दुसरं: ‘कळवावे, पण कुणाला? तुझा नंबर घालू?’

घाला, म्हटलं.